चार हात दार, चुडाव्यापर्यंत

पत्नीच्या निधनानंतर सातव्या महिन्यात मी तिचा मोबाइल प्रथमच चार्जिंगला लावला. यामागे भावनिक कारण नव्हते. माझा मोबाइल चार्ज होत नव्हता. दोष चार्जरचा की मोबाइलचा, याची खात्री करण्यासाठी दुसरा मोबाइल आवश्यक होता, आणि घरात दुसरा मोबाइल तिचाच होता. चार्जर निर्दोष निघाला. तिचा मोबाइल सुरू झाला आणि पुढील चार मिनिटे अखंड वाजत राहिला.

आलेल्या संदेशांपैकी बहुतांश सुप्रभात आणि गुलाबाची फुले होती. एका गटाचे नाव मात्र ‘लेकीचं दार’ असे होते. सुलभाचे माहेर परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात, चुडावा स्थानकापासून पाच-सहा किलोमीटर आत आहे. तेथील एक रीत मला ऐकून माहीत होती. गावात कोणी उघड्यावर राहत असेल, तर सगळे गाव मिळून त्याला घर बांधून देते. जागा ग्रामपंचायतीची, पत्रे बड्या शेतकऱ्यांचे, श्रम सर्वांचे. दार मात्र बाहेरगावी नांदणाऱ्या एखाद्या लेकीने द्यावयाचे, पाळीपाळीने. दार लागल्याशिवाय त्या घरात कोणी राहावयास जात नाही.

या वेळची पाळी सुलभाची होती. तिने गटावर कळवले होते: ‘ह्यांच्या खोलीचं दार देते. सागवानी आहे, मजबूत आहे आणि कायम लावलेलं असतं. ते गेलं तर घरात वारा तरी खेळेल.’ या निर्णयात मला विश्वासात घेण्यात आले नव्हते, हे येथे नमूद करतो.

त्यानंतरचे संदेश तिच्या चुलतभावाचे, शेषरावांचे होते. ‘आक्का, दार चार हात लागतंय. कौसामायचं घर तयार हाय.’ मग, ‘आक्का?’ मग गटातील सर्वांचे शोकसंदेश. मग, ‘पाळी आक्काचीच राहील. मधी दुसऱ्या लेकीचं दार घ्यायचं न्हाई, असं ठरलंय.’ आणि शेवटचा, आठ दिवसांपूर्वीचा: ‘आक्का, कौसामाय म्हणायलीय, या पंधरवड्यात दार आलं न्हाई तर म्या गठुडं उचलून जाते.’

हा संदेश त्यांनी मला न पाठवता दिवंगत व्यक्तीला का पाठवला, याचा मी बराच वेळ विचार केला. फोन लावून विचारले.

“दाजी, जावयाला दार मागायचं कसं?” शेषराव म्हणाले. “त्यातून तुमी दुःखात. आक्काला सांगून ठेवलं तर बरं वाटायचं, येवढंच.”

सात दिवस उरले होते. मी सुताराला बोलावले.

मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. मोजल्याशिवाय मी काही करत नाही. एक हात म्हणजे अठरा इंच. चार हात म्हणजे सहा फूट, अर्थात एकशे ब्याऐंशी पूर्णांक अठ्ठ्याऐंशी शतांश सेंटिमीटर. माझ्या खोलीचे दार मोजले. एकशे त्र्याऐंशी. सेवेत असतानाही इतकी जुळणी माझ्या पाहण्यात क्वचित आली. जाड फळ्यांचे, मागे तीन आडव्या पट्ट्या, आतून वरच्या बाजूला पितळी कडी. वजन साडेअठ्ठावीस किलो. सुलभाने मापे न घेता अचूक दार निवडले होते, याचा मला अभिमान वाटला. तो अभिमान चुडाव्यापर्यंत टिकला.

दिवस पहिला: संभाजीनगर ते परभणी

वाचकांपैकी कोणी दार घेऊन प्रवास करणार असेल, तर त्याने ते गोणपाटात शिवून न्यावे. पार्सल कार्यालय उघड्या दाराचा स्वीकार करीत नाही.

“वस्तू काय?” तेथील कारकुनांनी विचारले.

“दार.”

“नवीन का जुनं?”

“वापरलेले.”

“घर पाडलं का?”

“नाही. घर आहे.”

त्यांनी माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिले आणि ‘घरगुती सामान’ असे लिहिले.

गाडीला परभणीपर्यंत साधारण चार तास लागतात. डाव्या बाजूची खिडकी मिळाल्यास ऊन लागत नाही, असे सांगणारे लोक परतीच्या प्रवासाचा विचार करत नाहीत. जालन्यापुढे रान मोकळे होते. ज्वारी अंगाला आली होती आणि कापूस वेचणाऱ्या बायका डोक्यावर ओढण्या घट्ट बांधून ओळीने चालल्या होत्या. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला संत्रे दिले व कोठे निघालात असे विचारले. सासुरवाडीला, असे मी सांगितले. “मंडळी पुढं गेल्या वाटतं?” ते म्हणाले. मी होय म्हणालो. ते एका अर्थी खरे होते.

परभणीला सायंकाळी पोहोचलो. चुडाव्याला पॅसेंजरच थांबते आणि ती सकाळी असते (वेळ स्थानकावर विचारून घ्यावी, फलकावर विसंबू नये). स्थानकासमोरील लॉजवर दोन हमालांनी दार आणून टेकवले. मालक रजिस्टरवरून मान वर न करता म्हणाले, “किती माणसं?”

“एक.”

“अन् हे?”

“दार आहे.”

“दाराचं भाडं घेत न्हाई आमी. पण खोलीला हाय बरं का दार. लय चांगलं हाय. उगं आणलाव.”

जेवण शेजारच्या खाणावळीत घेतले. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा आणि कांदा. येसर म्हणजे धान्ये व मसाले भाजून केलेले पीठ. ते सुलभा दरवर्षी माहेराहून आणत असे आणि मी दरवर्षी ‘तिखट आहे’ असे म्हणत असे. येथे वाढप्याने विचारले, “आमटी कशी हाय, काका?” मी म्हणालो, “तिखट आहे.” आणि दुसऱ्यांदा मागून घेतली.

दिवस दुसरा: परभणी ते चुडावा, आणि पुढे

सकाळी स्थानकाबाहेर सुशीला खाल्ली. चुरमुरे भिजवून केलेला हा पदार्थ पोह्यांसारखा दिसतो, पण पोह्यांशी तुलना केल्यास गाडेवाले रागावतात. ताटलीची किंमत आणि चुडाव्याचे तिकीट यांत फारसा फरक नव्हता.

पॅसेंजरमध्ये दार ठेवण्यास एकच जागा होती: डब्याच्या टोकाला, दोन शौचालयांच्या मधल्या भिंतीला टेकवून. गोणपाट परभणीत फाटले होते, म्हणून काढून टाकले. मी दाराच्या बाजूस माझ्या बॅगेवर बसलो.

मिरखेल मागे पडल्यावर एक वयस्कर गृहस्थ आले, दारासमोर उभे राहिले आणि वाट पाहू लागले. थोड्या वेळाने त्यांच्यामागे दुसरे गृहस्थ उभे राहिले. मग एक बाई लहानग्या मुलीला घेऊन आल्या. पहिल्या गृहस्थांनी दारावर टकटक केली.

“किती येळ झाला हो?” मागच्यांनी विचारले.

“दहा मिन्टं झाली. आवाज न्हाई, काई न्हाई.”

“आजारी तर न्हाई कुणी आत?”

मी उठून स्पष्टीकरण दिले की या दारामागे काहीही नाही, हे दार स्वतंत्र आहे आणि शौचालय दोन्ही बाजूंना आहे. मग पहिले गृहस्थ म्हणाले, “मंग आधी बोलायचं की, राव!” आणि उजवीकडे धावले. पूर्णा जंक्शनपर्यंत हा प्रकार आणखी दोनदा घडला. दुसऱ्या वेळेपासून रांगेतील लोकांना हे मी नव्हे, आधी फसलेले प्रवासी आनंदाने समजावून सांगत होते.

या ओळखीचा चुडाव्याला उपयोग झाला. तेथे गाडी एक मिनिट थांबते. मी चिंतेत होतो, परंतु गाडीचा वेग मंदावताच डब्यातील सात-आठ जणांनी “दार उचला! काकांचं दार!” असे म्हणत ते पालखीसारखे उचलले आणि फलाटावर सुखरूप उतरवले. मी त्यांचे आभार मानण्यासाठी दोन वाक्ये योजली होती. ती पूर्ण होईपर्यंत गाडी सुटली. दार चुडाव्याला उतरले आणि मी पुढच्या स्थानकावर गेलो.

तेथून ऑटोने परतण्यास पाऊण तास लागला. चुडावा स्थानकावर पाहतो तो शेषराव आणि गावातील वीस-एक माणसे जमलेली, दार बाकाला टेकवलेले, आणि दाराला झेंडूचा हार घातलेला.

“दाजी! आलाव का!” शेषराव धावत आले. “आमी म्हणलं, दार आलं अन् दाजी न्हाई. म्हणलं, येवढ्या लांबून एकटंच आलं की काय!”

“हार एकच आणला होता काय?” मी विचारले.

“एकच. तुमाला घालायचा होता. पण दार आधी उतरलं.”

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी आणि दार शेजारी बसलो. हार दारालाच राहिला. रस्ता पाणंदीचा आहे. चारचाकीने जाणार असाल तर हवा कमी ठेवा आणि अपेक्षाही. गावाचे नाव मी येथे देत नाही. शेषरावांनी तशी विनंती केली आहे. “लोकं बघाया येतेत,” ते म्हणाले. “येऊ द्या, पण चहाला दूध पुरंना.”

वाटेत मी त्यांना विचारले की गावात बेघर कोण आहे, हे कसे कळते.

“कळतंय की. ठेसनावरचा चहावाला सांगतो, अमकं माणूस तीन दिवस झाले, कोणत्याच गाडीत बसंना. शाळेचे मास्तर कागदं बघतेत, आधार हाय का, राशन हाय का. घर बांधायचं म्हणलं की बौद्धवाड्यातले मिस्त्री भीमराव आधी भिंत धरतेत. मंग इर्जिक.” इर्जिक म्हणजे सर्वांनी मिळून एकाचे काम एका दिवसात उरकणे; मजुरी नसते, जेवण असते. “पण दाजी, बेघर झाल्यावर बांधायचं म्हंजी उशीर झाला. आमी आधीच धरतो. बाबाराव टेकतेत.”

“टेकतात म्हणजे?”

“बघालच.”

बाबाराव हे गावच्या पिठाच्या गिरणीचे मालक आणि गावातील सर्वांत वजनदार गृहस्थ. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते सरपंचांच्या घरापासून शेवटच्या खोपीपर्यंत प्रत्येक भिंतीला पाठ लावून टेकतात. भिंत गप्प राहिली तर घर उत्तीर्ण. भिंत कुरकुरली, तर आठ दिवसांत त्या घरी इर्जिक होते आणि भिंत पडण्याआधी सावरली जाते. नव्या घरालाही दार लावण्यापूर्वी हीच परीक्षा द्यावी लागते. कौसाबाईंच्या घरापाशी पोहोचलो तेव्हा निम्मे गाव जमले होते आणि बाबाराव सदरा काढून उत्तरेच्या भिंतीला टेकले होते. डोळे मिटलेले. सगळे श्वास रोखून उभे.

“काय म्हणती?” भीमराव मिस्त्रींनी विचारले.

“थंड हाय,” बाबाराव म्हणाले. “बाकी काई म्हणत न्हाई.”

टाळ्या पडल्या. पद्धत मला मनापासून आवडली, परंतु तेहतीस वर्षांची सवय सुटत नाही. मी पुढे होऊन अदबीने विचारले, “आपले वजन किती?”

“एकशे अठरा किलो!” ते अभिमानाने म्हणाले. “गिरणीच्या काट्यावर भरलं परवाच.”

“त्या काट्याची फेरतपासणी कधी झाली आहे?”

बाबारावांनी सदरा घातला. “दाजी कुठं होते म्हणे नोकरीला?” त्यांनी शेषरावांना हळूच विचारले. उत्तर ऐकल्यावर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली, मग उशी मागवली, मग स्वतःच्या घरून दही मागवले. मी निवृत्त आहे, असे मी तीनदा सांगितले. दही येतच राहिले.

आता कौसाबाईंविषयी. त्या समोरच एसटीच्या निवाऱ्यात राहत होत्या. एक बाज, एक चूल, दोन गाडगी आणि एक कोंबडी. वय सत्तरीपुढे, उंची साडेचार फूट, आवाज त्याहून बराच मोठा. नवऱ्यासोबत आयुष्यभर वीटभट्ट्यांवर विटा थापल्या. नवरा गेला, भट्टी बंद पडली, त्या चुडाव्याला उतरल्या आणि पुढच्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांचे घर बांधताना त्यांनी एकूण एक वीट बोटाने वाजवून पाहिली होती आणि दोन ट्रॉली विटा परत पाठवल्या होत्या. भीमराव अजून तो विषय निघाला की दुसरीकडे पाहतात.

“तुमीच का ते दारवाले?” त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. “लेक गेली म्हणे.”

“हो.”

“दार देते म्हणली अन् गेली.”

“हो.”

“म्हणूनच मला ह्या घराचं भ्या वाटतंय,” त्या म्हणाल्या. “ज्या घराचं दार येता येता दारवालीच गेली, ते घर मला लाभतंय का? म्या ह्यांना कवाधरनं सांगायलेय, मला जाऊ द्या.”

भीमरावांनी दार उचलून चौकटीला लावले.

रुंदी बरोबर होती. उंची मात्र चौकटीपेक्षा वीतभर, किंबहुना वीतभराहून अधिक होती. मी टेप काढला. सत्तावीस सेंटिमीटर.

“हे शक्य नाही,” मी म्हणालो. “चार हात सांगितले होते. हे चार हात आहे.”

“चारच हात हाय की चौकट,” भीमराव म्हणाले. “कौसामायच्या हातानं.”

त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते खात्याच्या कोणत्याही नियमावलीत नाही. या गावात ज्याचे घर, त्याचाच हात मोजतात. माणूस आपल्या हाताने साडेतीन हात भरतो. दार चार हात असले की डोक्यावर अर्धा हात राहतो आणि तोरण बांधायला दुसऱ्याला बोलवावे लागत नाही. रुंदी सर्वांना सारखी, बाज आत जाईल एवढी. सुलभाला हे माहीत होते. ती या गावची होती. तिने ‘ह्यांच्या खोलीचं दार’ लिहिले, तेव्हा ते कापले जाणार हे तिने गृहीत धरले असणार. कोणी न सांगता ते मोजून आणले मी.

“बगा,” कौसाबाई म्हणाल्या. “घरच नको म्हणतंय मला.” आणि निवाऱ्यात जाऊन त्यांनी लुगड्यात गाडगी बांधायला घेतली.

पुढील अर्धा तास गावाने जो विचारविनिमय केला, तो मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे देतो. दार कापा, असे कोणीच म्हणेना. लेकीच्या दाराला, आणि त्यातही गेलेल्या लेकीच्या, करवत लावायला कोणाची छाती होईना. शेषराव म्हणाले, चौकट उंच करा. भीमराव म्हणाले, वरचा तुळवट हलवला तर छत बाबारावांच्या डोक्यावर घेऊन उभं राहावं लागेल. बाबाराव म्हणाले, उंबरा खाली खणा. पावसात हौद होईल, असे बायकांनी सांगितले. कोणीतरी म्हणाले, दार आडवं लावा, कौसामाय वरून उडी मारतील. कोणीतरी म्हणाले, हात पुन्हा मोजा, तेव्हा कोपर वाकला होता. शेवटी एक म्हातारबुवा काठी आपटून म्हणाले, “कशाला येवढं? दाराच्या मापाचं उंच माणूस बघा अन् हे घर त्याला द्या! कौसाला दुसरं बांधू.”

“कुठून आणायचं उंच माणूस?” शेषराव वैतागले. “गावात बेघर उरलंच न्हाई ना कुणी!”

हे बोलल्यावर ते स्वतःच थांबले. सगळ्यांनी निवाऱ्याकडे पाहिले. उरल्या होत्या त्या एकट्या, आणि त्या गठुड्याला गाठ मारत होत्या.

मी दाराशी उभा होतो. भीमराव खाली वाकून त्याच्या तळाशी बोट फिरवत होते. तेथे, जमिनीपासून चार बोटांवर, सागवानाची झिलई गेलेली एक जागा होती, बशीएवढी, थोडी खोलगट.

“दाजी, हितं कशानं झिजलं?” त्यांनी विचारले. “कुत्रं होतं का घरी?”

“कुत्रे नव्हते,” मी म्हणालो. मग मला कळले. इतकी वर्षे ते दार माझ्यासमोर होते, पण मी आतल्या बाजूस असे आणि ही खूण बाहेरच्या बाजूस होती. “पत्नी चहा आणत असे. दोन्ही हातांत ट्रे असे. मग ती पायाने दार ठोठावत असे.”

कौसाबाईंचे हात थांबले. “अन् तुमी उघडायचे?”

“उघडत असे.”

“लगीच?”

मी खोटे बोलत नाही. “तिसऱ्या ठोक्याला.”

“तिसऱ्या!” बायकांमधून एकच गलका उठला. “आगं माय! हातात गरम चहा अन् तिसऱ्या ठोक्याला!” “आत काय करीत होते हो दाजी?” बाबारावांनी, बहुधा काट्याचा सूड म्हणून, विचारले.

“वाचत असे,” मी म्हणालो. “वाक्य पूर्ण करून उठत असे.”

“लय लांब वाक्य व्हतं,” कौसाबाई म्हणाल्या. सगळे गाव हसले, आणि सात महिन्यांत प्रथमच मीही हसलो. मात्र ते हसणे मध्येच कोठेतरी वळले, आणि शेषरावांनी मला खुर्चीवर बसवून दह्याची वाटी हातात दिली.

कौसाबाई उठून आल्या. त्यांनी त्या झिजलेल्या जागेवर आधी हात ठेवला, मग स्वतःचे पाऊल लावून पाहिले. बरोबर बसले.

“ती हितं पोचली की मंग,” त्या हळू म्हणाल्या. मग आवाज पूर्ववत झाला. “भीमा! करवत आण. वरून काप. खाली हात लावशील तर बघ.”

“माय, लेकीच्या दाराला...”

“लेकीचा पाय खाली हाय. वर काय हाय? कडी! ती मला तशी बी पुरत न्हाई.” आणि माझ्याकडे वळून, “दाजी, करवत लावलेली चालंल ना?”

मी टेपने सत्तावीस सेंटिमीटरवर खूण केली. दोनदा तपासली. भीमरावांनी वरची आडवी पट्टी काढून खुणेच्या जरा खाली ठोकली आणि करवत चालवली. ऊन कलायच्या आत दार बसले. कौसाबाईंनी टाचा न उचलता चौकटीला तोरण बांधले, आणि गठुडे, कोंबडी व बाज या क्रमाने घरात गेल्या. मग दार लावून घेतले.

आम्ही सगळे बाहेर उभे. आतून आवाज आला: “आता कुणीतरी चहा आणा की! अन् हातानं वाजवू नका, पायानं वाजवा!”

पहिला मान जावयाचा. ट्रे माझ्या हातात देण्यात आला. मी पायाच्या अंगठ्याने, त्याच जागी, एकदा ठोठावले. दार पहिल्याच ठोक्याला उघडले. “असं उघडायचं अस्तं,” कौसाबाई म्हणाल्या. मी आत पाऊल टाकले आणि त्यांच्या हाताने मोजलेल्या चौकटीवर माझे कपाळ जोरात आपटले. येणाऱ्याने वाकूनच यावे, अशी ती उंची आहे, ही सूचना मला नंतर देण्यात आली.

दिवस तिसरा, आणि घर

येलदरीचे धरण पाहण्याचा बेत होता. ते जिंतूरच्या बाजूला, अगदी उलट दिशेला आहे, आणि कपाळावर टेंगूळ घेऊन धरण पाहण्यात मला स्वारस्य उरले नव्हते. सकाळच्या गाडीने निघालो. बाबारावांनी पाच किलो ज्वारीचे पीठ दिले आणि “घरी मोजून बघू नका” असे सांगितले. दाराचा कापलेला तुकडा भीमरावांनी गोणपाटात बांधून दिला. परतीच्या गाडीत तो मांडीवर होता; कोणी रांग लावली नाही.

शेषरावांनी मला त्या गटात घेतले आहे. आता तेथे माझ्या नावाने सुप्रभात येते. गावाचे पुढचे काम म्हणजे पावसाळ्यापूर्वीची भिंत-तपासणी. मी बाबारावांना काट्याच्या फेरतपासणीचा अर्ज भरून पाठवला आहे. त्यांनी उत्तरादाखल गुलाबाचे फूल पाठवले.

घरी आल्यावर पीठ मोजले नाही. तुकडा मोजला: चार किलो तीनशे साठ ग्रॅम, पितळी कडीसह. कडी अजून सरकते. मी ती सरकवून पाहिली. तिच्या सरकण्याने आता काहीही बंद होत नाही. तुकडा खोलीत पुस्तकांच्या कपाटावर ठेवला आहे. खोलीला दार नाही, आणि सुलभाने लिहिले होते त्याप्रमाणे घरात वारा खेळतो. कागद उडतात, त्यांवर पेपरवेट ठेवावे लागते.

काल दुपारी चहा केला. कप, बशी, बिस्किटे ट्रेमध्ये ठेवून खोलीकडे निघालो. चौकटीपाशी आल्यावर, दोन्ही हात गुंतलेले असल्याने, माझा पाय आपोआप पुढे झाला आणि ठोठावण्यासाठी दार शोधू लागला. ते तेथे नव्हते. तोल गेला, चहा बशीत सांडला, आणि मी थेट आत होतो.